नऊ दिवसांचं वाण

४ फेब्रुवारी २०१०

प्रिय बारके,

अनेक आशीर्वाद. तू, तुझे यजमान आणि तुमचं चष्म्याचं दुकान, सगळं ठाकठीक असेल असं धरूनच लिहायला घेतलंय. आई गेली तेव्हा मी तुला चार ओळी पाठवल्या होत्या, त्यालाही आता सहा वर्षं होतील. त्यामुळे पाकिटावर माझं अक्षर बघून तू ते न फोडताच ड्रॉवरमध्ये टाकलंस तर मला नवल वाटणार नाही. पण फोडलंच असशील तर शेवटपर्यंत वाच.

इकडचं म्हणशील तर गुडघा सोडून बाकी सगळं चालतंय. एप्रिलच्या तीस तारखेला मी निवृत्त होतेय. आपल्या संग्रहात आता जिवाणूंची चार हजारांवर वाणं आहेत. तू होतीस तेव्हा सहाशेच्या घरात होती. खोली तीच आहे. भिंतींना दर दोन वर्षांनी रंग देतात आणि दर दोन वर्षांनी तो पोपडे धरतो. कपाटं नवी आली, पण खिडकीची कडी अजून लागत नाही, मी मधे कागदाची घडी घालते. संचालक माझ्याहून वीस वर्षांनी लहान आहेत आणि मला 'मॅडम' म्हणताना जरा बिचकतात, म्हणजे बरे आहेत. निवृत्तीनंतर दोन वर्षं सल्लागार म्हणून या असं त्यांनीच सुचवलंय. घरी बसून मी काय करणार, भिंतींशी बोलणार? मी लगेच हो म्हटलं.

नवीन कोणी कामाला लागलं की पहिल्या दिवशी मी त्यांना तासभर जिवाणूंच्या नावांचा इतिहास ऐकवते. आपल्या तेव्हाच्या प्रमुख सरांचंच भाषण आहे ते, तुलाही पाठ असेल. ज्यानं पहिल्यांदा सगळ्या सजीवांची पद्धतशीर यादी केली त्यानं या डोळ्यांना न दिसणाऱ्या मंडळींना एकाच कप्प्यात कोंबलं आणि कप्प्याला नाव दिलं 'गोंधळ'. मग आकारावरून वाटण्या झाल्या: गोल, दांडीसारखे, मळसूत्रासारखे. मग रंग द्यायची युक्ती निघाली, तेव्हा जांभळे एका पंगतीत आणि गुलाबी दुसऱ्या. मग कोण काय खातो आणि खाल्ल्यावर काय सोडतो यावरून. ज्याला जे दिसलं त्यानं ते नाव ठेवलं, एकाच जिवाणूला पाच-पाच नावं आणि एका नावाखाली पाच-पाच जिवाणू. तीस हजारांच्या आसपास नावं झाली होती म्हणतात. शेवटी ऐंशी सालच्या एक जानेवारीला नवी यादी आली आणि त्या यादीत जे नाही ते नाव संपलं. अडीच हजारही उरली नाहीत. इथवर आले की ऐकणारे माना डोलावतात, आणि मी चहा मागवते. पुढचं काही सांगत नाही.

तर बातमी अशी. गेल्या वर्षापासून संग्रहातल्या सगळ्या नामधारक वाणांचा डीएनए तपासणं चालू आहे. नाव कागदावरच्या वर्णनाचं नसतं, वाढवून जपलेल्या एका ठरावीक जिवंत कल्चरचं असतं, हे तुला सांगायला नको. ते कल्चर दुसरंच काही निघालं तर नावाखालची जमीनच गेली. आपल्याकडची तीनशे बारा तपासून झाली. तीनशे अकरा बरोबर आहेत.

जे चुकलं ते आपली गोगलगाय.

सरांनी लॅटिनमध्ये काय भारदस्त नाव ठेवलं होतं ते असो, आपण तिला गोगलगायच म्हणायचो. नऊ दिवसांनी उगवायची ना. आता डीएनए विभागातल्या बाई म्हणतात की त्या नावाखाली जे आहे तो मातीत कुठेही सापडणारा एक साधा पिवळा जिवाणू आहे, ज्याला शंभर वर्षांपासून स्वतःचं वेगळं नाव आहे. म्हणजे सरांनी ठेवलेल्या नावाला धनीच नाही. नियमाप्रमाणे दोन वर्षांच्या आत खरं वाण, जिवंत, कुठूनतरी हजर करायचं, नाहीतर जिवाणूंच्या नावांचं निवाडा मंडळ ते नाव बाद यादीत टाकतं. तिथून ते कधीच परत वापरता येत नाही. जिथल्या नाल्यात ती पहिल्यांदा सापडली, कातडी कमावण्याच्या त्या कारखान्याच्या जागी मी जाऊन आले. कारखाना पाडलाय, नाला बुजवलाय, वर गाड्या उभ्या असतात. कडेचा गाळ उकरून आणला आणि चार महिने शोधलं. काही मिळालं नाही.

तुझ्या जुन्या सामानात, पेट्याबिट्यांत, त्या काळातलं काही आहे का, सवडीनं बघशील? नसेल तर नसेल. तुझ्या यजमानांना नमस्कार.

तुझी,
ताई


२६ फेब्रुवारी २०१०

प्रिय बारके,

तुझं कार्ड मिळालं. 'ताई, काय हवंय आणि का हवंय ते सरळ लिही. माझ्याकडे पेट्याबिट्या नाहीत.' पंधरा दिवसांत उत्तर दिलंस, मला तेवढीही आशा नव्हती. ओरडा खायची सवय मोडली होती, बरं वाटलं.

सरळ लिहिते.

एकोणऐंशीच्या उन्हाळ्यात गोठवून सुकवायचं यंत्र आलं तेव्हा तू गोगलगायीच्या ॲम्प्यूल, त्या बंद काचेच्या कुप्या, केल्यास, तुझ्या हातची पहिली खेप. नोंदवहीत अकरा आहेत. तू गेल्यावर मी कपाट लावलं तेव्हा दहा होत्या. अकरावी कुठे गेली हे मला तेव्हाही माहीत होतं आणि मी कोणाला बोलले नाही. ते तुझ्यावर उपकार म्हणून नव्हतं. चौकशी पुन्हा सुरू व्हायला नको होती मला.

उरलेल्या दहाही राहिल्या नाहीत. सर म्हणाले, तिच्या हातचं काही ठेवू नका. मी त्या वाफेनं जंतू मारायच्या ऑटोक्लेव्हमध्ये घातल्या. बटण मीच दाबलं.

का हवी आहे तेही लिहिते. हे लिहिताना तीनदा उठून पाणी प्यायले, तेव्हा सलग येईलच असं नाही.

नव्या यादीत नाव यायचं तर वाण परदेशातल्या मोठ्या संग्रहात पोचलेलं पाहिजे होतं, त्या शरद ऋतूतली ती धावपळ तुला आठवत असेल. यादीची मुदत डोक्यावर, सर रोज सकाळी दारात उभे राहून विचारायचे, 'गेलं का?' यंत्र तेव्हा बिघडलं होतं आणि तुझ्या ॲम्प्यूल सरांनी पाठवू दिल्या नाहीत. म्हणाले, नवशिकीचं काम, ताज्या ट्यूब पाठवा. मी बारा ट्यूबमध्ये कल्चर घातलं. हो, मी. तू वही घेऊन शेजारी बसली होतीस, मी सांगत होते आणि तू लिहीत होतीस, कारण माझं अक्षर सरांना लागायचं नाही.

उगवो न उगवो, चौथ्या दिवशी पार्सल जायचं होतं. तिसऱ्या दिवशी इनक्युबेटर उघडला तर बारातल्या एका ट्यूबमध्ये आपल्या गोगलगायीसारखंच छान पिवळं उगवलेलं. बाकी अकरा कोऱ्या. मला इतका आनंद झाला की मी टाळी वाजवली. नऊ दिवस लावणारी बया यंदा तीन दिवसांत उठली, देव पावला! कोणत्याही पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याला शंका आली असती, आणि मी, पाच वर्षं नोकरी झालेली, टाळ्या पिटत होते. एवढ्या घाईत मी स्वतःला काय काय समजावलं असेन! ट्यूबमधलं खाद्य, आगर, या वेळी चांगलं जमलंय म्हणाले. हवा गरम आहे म्हणाले.

तू म्हणालीस, 'ताई, हे आपलं नाही. आपलं इतक्या लवकर उठत नाही. बाकीच्या राहू दे ना नऊ दिवस.'

मी म्हणाले, 'तू वही सांभाळ.'

त्या एका ट्यूबवरून मी पाठवायच्या ट्यूब केल्या, संग्रहातल्याही त्याच केल्या, आणि अकरा कोऱ्या ट्यूब त्याच संध्याकाळी धुवायला टाकल्या. नवव्या दिवशी त्या सगळ्या पिवळ्या झाल्या असत्या.

यादी छापून आली, सरांनी सगळ्यांशी हात मिळवले. मार्चमध्ये तिकडून पत्र आलं की तुमच्या वर्णनात नऊ दिवस आहेत आणि हे तिसऱ्या दिवशीच उगवतंय, जरा खुलासा करा. सरांनी आपल्याला दोघींना खोलीत बोलावलं आणि विचारलं, ट्यूब कोणी भरल्या? नोंदवही टेबलावर उघडी होती. तू माझ्याकडे बघत होतीस. तुला वाटलं मीच बोलेन. मी म्हणाले, 'त्या महिन्याचं काम हिच्याकडे होतं, सर. अक्षर बघा ना.'

कामाच्या विभागणीप्रमाणे पाहिलं तर वाक्य खोटं नव्हतं, वह्यांचं काम तुझ्याकडेच होतं. बरीच वर्षं मी स्वतःला हे ऐकवत आले. आता नाही ऐकवत. ते खोटं होतं, मला बोलताना माहीत होतं, आणि मी सगळं खापर तुझ्या डोक्यावर फोडून मोकळी झाले. सर माझ्यावर खूश होते, जागा कायम व्हायची होती, आणि तू बावीस वर्षांची होतीस. मला वाटलं, हिला काय, दुसरं काहीतरी मिळेल.

त्यानंतर सरांनी काय केलं ते तुला माहीत नसेल, तू गेली होतीस. त्यांनी चूक कबूल केली नाही, वर्णन दुरुस्त केलं. 'वाढीस तीन दिवस लागतात', असं छापून आणलं. तो कागद मी टाइप केला. लॅटिन नावात अजून 'मंद' आहे, पण नाव शोभत नाही म्हणून ते रद्द करता येत नाही असा नियमच आहे, त्यामुळे कोणी हू की चू केलं नाही. सर बारा वर्षांपूर्वी गेले. त्यांना शेवटपर्यंत शंका होती का, मला सांगता येणार नाही. मी विचारलं नाही.

म्हणून ती ॲम्प्यूल हवी आहे. सोबत डबा, परवाना आणि खुणेची लेबलं पाठवली आहेत. द्यायचीच असा हट्ट नाही. तो करायचं तोंड मला नाही.

ताई


१९ मार्च २०१०

प्रिय बारके,

डबा काल आला. ॲम्प्यूल धड आहे, काचेला तडा नाही, आतली चिमूट कोरडी आहे. लेबलवर तुझं अक्षर आणि तारीख. तीस वर्षं कुठे ठेवली होतीस? चष्म्याच्या दुकानात काचेच्या वस्तू सांभाळायची सवय असते म्हणा.

आज सकाळी उघडली. आधी दोन रिकाम्या ॲम्प्यूल फोडून सराव केला. तीन प्लेट, चार ट्यूब, जुनंच आगर, सरांच्या मूळ वर्णनात आहे तसंच. थोडी चिमूट डीएनए विभागाला दिली. मी आता कोणालाही इनक्युबेटर उघडू देत नाही. संचालक सकाळी मान आत घालून 'काही विशेष?' विचारून गेले, त्यांनाही दाराशीच थांबवलं.

डब्यात चिठ्ठी होती. 'उगवलं नाही तरी लिहिशील का?'

अगं, उगवेल. अशा ॲम्प्यूल पन्नास वर्षांनीही उगवल्याची उदाहरणं आहेत. नऊ दिवस धीर धर, मग बोलू.

ताई


२४ एप्रिल २०१०

प्रिय बारके,

उगवलं नाही.

नऊ दिवस वाट बघितली, मग अठरा, मग सत्तावीस. आगर बदलून पाहिलं, तापमान कमी-जास्त केलं, उरलेली चिमूट पातळ अन्नद्रवात घातली. रोज सकाळी गुडघ्याची तक्रार न करता तीन जिने चढले. पस्तिसाव्या दिवशी, परवा, मी प्लेट बाहेर काढल्या. कोऱ्या आहेत. आतली कधी मेली असेल कुणास ठाऊक. तुझ्या हाताचा दोष नाही, सील चांगलं होतं. तीस वर्षं हा मोठा काळ आहे.

डीएनए मात्र मेलेल्यातूनही वाचता येतो, आणि तो वाचला. तुझ्या ॲम्प्यूलमध्ये जे होतं ते कोणत्याही नाव असलेल्या जिवाणूशी जुळत नाही. ती गोगलगाय होती. तुझं काम चोख होतं, पहिलीच खेप असून. पण नाव मेलेल्या कल्चरला बांधता येत नाही, नियम स्पष्ट आहे. तेव्हा सरांनी ठेवलेलं नाव बाद यादीत जाणार. विचित्र वाटतं, की ती खरोखर होती हे आता छापील पुराव्यानिशी सिद्ध झालंय आणि नेमकं आत्ताच तिला नाव राहणार नाही. सरांसाठी मला वाईट वाटतं. थोडंसंच.

आता तुझ्या चिठ्ठीतल्या प्रश्नाकडे वळते. गेल्या पत्रात मी तो टाळला हे तुझ्या लक्षात आलंच असणार.

मला ती ॲम्प्यूल का हवी होती, याचं एक कारण मी लिहिलं नव्हतं. मला वाटत होतं की ती उगवेल, नाव वाचेल, सगळे खूश होतील, आणि त्या आनंदात 'चूक कोणाची' हे विचारायचं राहून जाईल. तुझ्या नावाचा उल्लेख वाण पुरवणारी म्हणून सन्मानानं करायचा मी विचार केला होता. माझ्या मनात मी तेवढ्यावर हिशोब मिटवला होता. अशी मी आहे, या वयातही.

डीएनए एवढंच सांगतो की उन्हाळ्यातली तुझी खेप शुद्ध होती. त्या शरद ऋतूत ट्यूब कोणी भरल्या हे तो सांगत नाही. नोंदवहीत अक्षर तुझं आहे आणि नोंदवही आमच्या कपाटात आहे. कोणी उद्या ती उघडली तर पुन्हा तूच दोषी ठरशील. उलट सांगणारं कोणी असेल तर ती मी, आणि मी सहा दिवसांनी निवृत्त होतेय.

निवाडा मंडळाला पाठवायच्या अर्जाचा मसुदा संचालकांनी स्वतः केला होता. त्यात होतं, 'एकोणऐंशी साली कल्चर दूषित झाल्याचे दिसते.' मी म्हणाले, यात भर घालायची आहे, आणि माझा कागद पुढे केला. त्यांनी वाचला. चष्मा काढून पुसला आणि परत वाचला.

'मॅडम, इतक्या जुन्या गोष्टीत नावं कशाला घालायची? कोणी विचारणार नाही.'

'म्हणूनच घालते,' मी म्हणाले.

'सल्लागार म्हणून नेमणुकीचं... वर हे वाचल्यावर मला रेटता येणार नाही हो.'

'नका रेटू.'

ते खरंच चांगले आहेत. म्हणाले, दोन दिवस विचार करा. मी म्हणाले, तीस वर्षं केलाय. हे म्हणायला सोपं गेलं, पण खोलीत परत आल्यावर मी खुर्चीत बसून चांगली रडले. कामाच्या ठिकाणी रडायची ही माझी पहिलीच वेळ. तू गेलीस त्या दिवशीही मी रडले नव्हते, ट्यूब धुतल्या होत्या.

अर्ज आज गेला. सोबत प्रत आहे, वाच. ट्यूब मी भरल्या, सहकारिणीनं वेळीच सांगूनही मी ऐकलं नाही, उरलेल्या अकरा मी टाकून दिल्या, चौकशीत मी खोटं सांगितलं आणि त्यावरून तिला काढण्यात आलं, असं त्यात आहे. तुझं पूर्ण नाव आहे, माझं पूर्ण नाव आहे. अर्ज त्यांच्या नियतकालिकात छापून येईल, जगभरचे दीडदोनशे लोक वाचतील. नोंदवहीच्या त्या पानालाही मी सहीनिशी एक कागद जोडलाय आणि संचालकांची सही घेतली आहे. माफ कर असं मी लिहीत नाही. ते तुझ्यावर ओझं टाकल्यासारखं होईल. मला तू फार हवी होतीस एवढं मात्र लिहिते. सुट्टीच्या दिवशी चहाचे दोन कप काढायची सवय मला सुटायला वर्ष लागलं होतं.

आणखी एक आहे. ते अर्जात नाही, ते कोणाला पाठवता येण्यासारखं नाही.

आई शेवटच्या आजारात तुझ्याबद्दल बोलायची. नर्सला सांगायची, माझ्या दोन मुली, थोरली शांत डोक्याची. आणि मग म्हणायची, 'बारकी तिच्याहून हुशार हो, पण हाताला फार घाई. म्हणून तर नोकरी गेली बिचारीची.' रोज म्हणायची. मी शेजारी बसून तिला औषध पाजत होते. एका वाक्याचं काम होतं, ती ऐकू शकत होती, तिला कळत होतं, आणि माझ्याकडे सात आठवडे होते. मी तिचं तोंड पुसलं आणि उशी सारखी केली. ती तसंच समजून गेली.

आता तिला सांगता येत नाही म्हणून तुला सांगते, बारके. घाई माझ्या हाताला होती.

ताई